करमुक्त संस्थांच्या छतावर सौरवीज : भांडवल कोणाचे आणि सवलत कोणाला?

नवी दिल्ली : द्वारका, रोहिणी किंवा मयूर विहार अशा वसाहतींमध्ये गृहनिर्माण संस्था आणि धर्मादाय न्यासाची शाळा शेजारी शेजारी असणे नवे नाही. दोन्ही इमारतींची छपरे सारखीच मोठी असतात आणि त्यांवर पडणारे ऊनही सारखेच असते. गृहनिर्माण संस्थेने सामाईक वापरासाठी १०० किलोवॉटचा सौरप्रकल्प बसविला, तर 'पीएम सूर्यघर' योजनेनुसार तिला किलोवॉटमागे १८ हजार रुपये, म्हणजे १८ लाख रुपयांपर्यंत केंद्रीय अनुदान मिळू शकते. शेजारच्या शाळेला या योजनेतून काहीही मिळत नाही, कारण योजना निवासी ग्राहकांसाठी आहे. त्याच रस्त्यावरच्या एखाद्या नफ्यातील कारखान्यालाही हे अनुदान नाही. परंतु त्याला प्राप्तिकरात घसाऱ्याची मोठी वजावट मिळते. शाळा चालविणारा न्यास प्राप्तिकर भरत नसल्याने त्या वजावटीचाही त्याला उपयोग होत नाही.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील धर्मादाय शाळा, रुग्णालये, अनाथालये, वृद्धाश्रम आणि देवस्थाने यांच्यापुढे असलेला हा पेच आहे. विजेचे बिल मोठे, छप्पर मोकळे आणि दिवसाचा वापर भरपूर, अशी सौरविजेला अनुकूल परिस्थिती या संस्थांकडे असते. अडचण भांडवलाची आहे, आणि त्या अडचणीचे मूळ करव्यवस्थेत आहे.

घसाऱ्याच्या सवलतीचे स्वरूप

यंत्रसामग्री वापराने झिजते. ही झीज खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची मुभा प्राप्तिकर कायदा देतो. सर्वसाधारण यंत्रांसाठी हा दर वर्षाला १५ टक्के आहे. सौर उपकरणांना प्रोत्साहन म्हणून तो अधिक ठेवण्यात आला. अनेक वर्षे हा दर ८० टक्के होता. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील घोषणेनुसार १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्के झाला.

उदाहरणादाखल १०० किलोवॉटच्या प्रकल्पाचा खर्च ५० लाख रुपये धरू. करदात्या कंपनीला पहिल्या वर्षी २० लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ३० लाखांवर १२ लाख आणि तिसऱ्या वर्षी ७ लाख २० हजार रुपये घसारा दाखविता येतो. तीन वर्षांची बेरीज ३९ लाख २० हजार होते. कंपनी अधिभार व उपकरांसह २५.१७ टक्के दराने कर भरत असेल, तर या तीन वर्षांत तिचा सुमारे ९ लाख ८७ हजार रुपयांचा कर वाचतो. वर्षात प्रकल्प १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात आला, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. त्यामुळे असे प्रकल्प सप्टेंबर संपण्यापूर्वी सुरू करण्याची धडपड दिसते.

हा सगळाच पैसा सरकारकडून भेट मिळाल्यासारखा नसतो. १५ टक्के दरानेही ही वजावट हळूहळू मिळालीच असती. जलद घसाऱ्यामुळे ती लवकर मिळते आणि हाती आलेला पैसा कर्ज फेडण्यास उपयोगी पडतो. भांडवल उभारताना हे 'लवकर मिळणे' निर्णायक ठरते. मात्र ते मिळण्याची एकच अट आहे : वजावट घेणाऱ्याकडे करपात्र नफा असला पाहिजे.

न्यासाची हिशेबवही

नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला करमाफी मिळते ती तिने आपल्या उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांसाठी खर्च करावा, या अटीवर. शाळेच्या छतावर स्वतःच्या उत्पन्नातून बसविलेला सौरप्रकल्प हा अशा खर्चात धरला जातो. ५० लाख रुपये खर्च केले, तर ते त्याच वर्षी उद्दिष्टांसाठी वापरलेले उत्पन्न म्हणून दाखविता येतात.

त्याच मालमत्तेवर पुन्हा घसाराही मागता येतो का, हा वाद दीर्घकाळ चालला. पुण्याच्या राजस्थानी अँड गुजराती चॅरिटेबल फाउंडेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये संस्थांच्या बाजूने निकाल दिला. तथापि तो मागील वर्षांपुरता उपयोगी ठरला. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून, ज्या मालमत्तेचा खर्च एकदा उद्दिष्टांसाठी वापर म्हणून दाखविला आहे तिच्यावर घसारा मिळणार नाही, असे २०१५-१६ या कर आकारणी वर्षापासून स्पष्ट केले होते.

कर्जाचा नियमही लक्षात घेण्यासारखा आहे. २०२१ च्या वित्त कायद्यानुसार कर्जाऊ पैशातून केलेला खर्च त्या वर्षी उद्दिष्टांसाठीचा खर्च म्हणून धरला जात नाही. परतफेड होईल त्या वर्षी ती रक्कम धरली जाते. २०२३ च्या वित्त कायद्याने या परतफेडीला पाच वर्षांची मर्यादा घातली. सौरकर्जाची मुदत सात किंवा दहा वर्षांची असेल, तर शेवटच्या काही हप्त्यांना ही मान्यता मिळणार नाही, हे विश्वस्तांनी कर्ज घेण्यापूर्वीच पाहावे लागते.

वस्तू व सेवा कराचा भारही संस्थेवरच राहतो. सौर उपकरणांवरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. उभारणीसह दिलेल्या कंत्राटात ७० टक्के किंमत वस्तूंची आणि ३० टक्के सेवेची मानली जाते. सेवेवर १८ टक्के कर धरता एकूण भार १३.८ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आला. ५० लाखांच्या कामावर हा फरक २ लाख ४५ हजारांचा आहे. करपात्र माल विकणारा कारखाना भरलेल्या कराची वजावट घेऊ शकतो. शाळेच्या शिक्षणसेवेवर कर नसल्याने तिला ती वजावट नाही.

जुन्या धोरणातील समतोल

कर न भरणाऱ्या संस्थेला करसवलत निरुपयोगी आहे, ही गोष्ट पूर्वीच्या धोरणकर्त्यांना ठाऊक होती. २००० च्या दशकात सौर जलतापक यंत्रांसाठी केंद्राने सवलतीच्या व्याजाची योजना राबविली. तिच्यात घरगुती ग्राहकांना २ टक्के, जलद घसाऱ्याचा लाभ न घेणाऱ्या संस्थांना ३ टक्के आणि तो लाभ घेणाऱ्या औद्योगिक व व्यावसायिक ग्राहकांना ५ टक्के असे व्याजदर होते. ज्याला करातून मदत मिळते त्याला व्याजात कमी सवलत, असा हा सरळ हिशेब होता.

महाराष्ट्रातील शिर्डी येथील श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाचे उदाहरण याच काळातील आहे. तेथे ७३ परावर्तक तबकड्यांच्या साह्याने सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून अन्न शिजविण्याची यंत्रणा ३० जुलै २००९ रोजी कार्यान्वित झाली. तिचा खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये होता आणि त्यापैकी सुमारे ५८ लाख रुपये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनुदान म्हणून दिले. ही यंत्रणा विजेची नसून उष्णतेची आहे. पण देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला थेट अनुदान दिल्यास ती मोठी गुंतवणूक करू शकते, हे तिने दाखवून दिले.

छतावरील सौरविजेसाठीही सुरुवातीला हेच तत्त्व होते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने या कार्यक्रमाची तरतूद ५ हजार कोटी रुपयांपर्यंत वाढविली. सर्वसाधारण राज्यांत निवासी इमारतींबरोबरच विनानफा शाळा, रुग्णालये आणि सामाजिक संस्थांना ३० टक्के अनुदान देण्यात आले. खासगी व्यावसायिक व औद्योगिक क्षेत्राला ते नाकारताना, त्यांना जलद घसाऱ्यासारखे अन्य लाभ उपलब्ध आहेत, हेच कारण सरकारने दिले होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात अनुदान केवळ निवासी क्षेत्रापुरते ठेवण्यात आले. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या आणि ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने'तही तोच आधार कायम राहिला. एक कोटी घरांपर्यंत पोहोचण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. सौर पट्ट्यांच्या किमती घसरल्या, ही बाब खरी आहे. परंतु अनुदान काढताना करसवलतीचा लाभ मात्र करदात्यांकडे जसाच्या तसा राहिला. त्यामुळे धर्मादाय संस्था दोन्हींच्या मध्ये अडकल्या.

छप्पर संस्थेचे, प्रकल्प दुसऱ्याचा

या कोंडीतून मार्ग काढण्याची प्रचलित पद्धत 'रेस्को' या नावाने ओळखली जाते. नवीकरणीय ऊर्जा सेवा पुरविणारी कंपनी असा त्याचा अर्थ. ही कंपनी संस्थेच्या छतावर स्वतःच्या खर्चाने प्रकल्प उभारते, त्याची मालकी आणि देखभाल स्वतःकडे ठेवते आणि तयार झालेली वीज ठरलेल्या दराने संस्थेला विकते. करार सहसा १५ ते २५ वर्षांचा असतो. मालकी करदात्या कंपनीकडे असल्याने घसाऱ्याची वजावट तिला मिळते, आणि स्पर्धा असेल तर त्या लाभाचा काही भाग विजेच्या कमी दरातून संस्थेपर्यंत पोहोचतो.

दिल्लीत ही पद्धत नवी नाही. दिल्ली मेट्रोने २०१४ मध्ये द्वारका सेक्टर २१ स्थानकाच्या छतावर ५०० किलोवॉटचा प्रकल्प याच पद्धतीने सुरू केला. मेट्रो ही धर्मादाय संस्था नव्हे. पण स्वतः भांडवल न गुंतविता छतावरील वीज विकत घेता येते, याचा तो राजधानीतील ठळक नमुना ठरला. मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या सौर धोरणाने 'हायब्रिड रेस्को' ही संकल्पना पुढे आणली. तिच्यात ग्राहक, विकासक आणि वितरण कंपनी यांच्यात त्रिपक्षीय करार होतो. ग्राहक पैसे देईल की नाही, ही विकासकाची मोठी चिंता असते. वितरण कंपनी मध्ये आल्याने ती कमी होते आणि लहान संस्थांकडेही विकासक वळू शकतात.

दोन्ही पर्यायांची तुलना पुढील हिशेबातून स्पष्ट होईल. दिल्लीत एक किलोवॉटचा प्रकल्प चांगल्या उन्हाच्या दिवशी सुमारे चार युनिट वीज देतो. १०० किलोवॉटपासून वर्षाला १ लाख ३० हजार युनिट मिळतील, असे धरू. दिल्ली वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या आदेशात तीन केव्हीएपेक्षा अधिक भाराच्या बिगरघरगुती ग्राहकांचा ऊर्जादर ८.५० रुपये होता. त्या दराने वर्षाला सुमारे ११ लाख ५ हजार रुपयांची वीज वाचते. शाळेने स्वतः ५० लाख रुपये आणि त्यावरील कर भरला, तर देखभाल धरून साधारण पाच-सहा वर्षांत पैसे वसूल होतात आणि पुढील वीज जवळजवळ फुकट पडते. रेस्कोचा दर ५ रुपये धरला, तर शाळेचा एकही रुपया न गुंतता वर्षाला साडेचार लाखांची बचत होते.

म्हणजेच हाती पैसा असलेल्या संस्थेला स्वतःची मालकी अधिक लाभाची आहे. करसवलत न मिळूनही हिशेब तिच्या बाजूने राहतो. ज्या संस्थेचा पैसा वर्गखोल्या, औषधे किंवा वेतनावर आधीच खर्च होत आहे, तिच्यासाठी रेस्को उपयुक्त आहे.

देणगी आणि सामाजिक दायित्व निधी

तिसरा मार्ग देणगीचा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. शिक्षण, आरोग्य आणि पर्यावरण हे विषय त्या यादीत आहेत, त्यामुळे शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या सौरप्रकल्पासाठी असा निधी मागता येतो. वैयक्तिक देणगीदाराला कलम ८० जी खालील वजावट जुन्या करप्रणालीत मिळत असे. २०२३-२४ पासून मूळ पर्याय ठरलेल्या नव्या करप्रणालीत ती नाही. देणगीचे आवाहन करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. परदेशातील हितचिंतकांकडून पैसा घ्यावयाचा, तर परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा लागतो.

बँकांकडेही यासाठी पतपुरवठा आहे. जागतिक बँकेने २०१६ मध्ये स्टेट बँकेमार्फत छतावरील सौरविजेसाठी ६२ कोटी ५० लाख डॉलरचे साहाय्य मंजूर केले, तर आशियाई विकास बँकेने त्याच वर्षी पंजाब नॅशनल बँकेला याच कामासाठी ५० कोटी डॉलर उपलब्ध करून दिले. न्यासाला कर्ज देताना मात्र बँका तारणाविषयी साशंक असतात. न्यासाला भागधारक नसतात आणि अनेक शाळांची जमीन दिल्ली विकास प्राधिकरणाकडून पट्ट्याने मिळालेली असल्याने ती गहाण ठेवण्यावर बंधने येतात.

दर आणि मीटर

सौरप्रकल्प कोणत्या संस्थेला परवडेल, हे तिच्या वीजबिलाच्या वर्गावर अवलंबून असते. दिल्लीच्या दरपत्रकात प्रार्थनास्थळे घरगुती वर्गात मोडतात, तर खासगी शाळा बिगरघरगुती वर्गात. २०२१ च्या आदेशात घरगुती वर्गाचे दर पहिल्या २०० युनिटांना ३ रुपये, पुढील २०० युनिटांना साडेचार रुपये, असे चढत जाऊन १,२०० युनिटांपुढे ८ रुपये होते. महिन्याला ४०० युनिट वापरणाऱ्या लहान मंदिराने ५ रुपये दराचा रेस्को करार केला, तर त्याला तोटाच होईल. शाळेचे गणित याच्या उलट आहे.

शाळेच्या बाबतीत दुसरा प्रश्न सुटीचा. मे-जून महिन्यांत दिल्लीत ऊन कडक असते, वीजनिर्मिती भरपूर होते आणि वर्ग बंद असतात. 'नेट मीटरिंग'मुळे ही वीज वाया जात नाही. दिल्लीच्या २०१४ च्या नियमांनुसार जाळ्यात सोडलेली जादा वीज पुढील बिलांत वळती होते आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटांचे पैसे वितरण कंपनीच्या सरासरी वीजखरेदी दराने मिळतात. हा दर बिलातील दरापेक्षा कमी असतो, म्हणून वर्षभराच्या वापरापेक्षा मोठा प्रकल्प बसविण्यात अर्थ नाही. एकाच न्यासाच्या अनेक जोडण्या असतील, तर २०१९ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार 'समूह नेट मीटरिंग'ही शक्य आहे : मोठ्या छतावर तयार झालेली वीज त्याच न्यासाच्या दुसऱ्या इमारतीच्या बिलातून वजा होते.

राजधानी क्षेत्र म्हणजे केवळ दिल्ली नव्हे. गुरुग्राम व फरिदाबाद हरियाणाच्या, तर नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशाच्या आयोगाखाली येतात. तिन्हींचे दर व मीटरचे नियम वेगळे आहेत. दिल्लीतील न्यासाने नोएडातील शाखेसाठी तोच हिशेब गृहीत धरू नये.

अमेरिकेतील प्रयोग

हाच प्रश्न अमेरिकेतही होता. तेथे सौरप्रकल्पाच्या खर्चावर करात थेट सूट मिळत असे. पण चर्च, विद्यालये व धर्मादाय रुग्णालये कर भरत नसल्याने त्यांना ती घेता येत नव्हती. तेथेही त्रयस्थ कंपनीच्या मालकीचा मार्ग रूढ झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने हा अडसर दूर केला : करमुक्त संस्थेने प्रकल्प उभारला, तर करसवलतीइतकी रक्कम, सर्वसाधारणपणे खर्चाच्या ३० टक्के, सरकार तिला रोख देऊ लागले. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या दुसऱ्या कायद्याने सौर व पवनऊर्जेवरील या सवलतीला मुदत घातली. ४ जुलै २०२६ नंतर काम सुरू होणाऱ्या प्रकल्पांना २०२७ अखेरपर्यंत कार्यान्वित होण्याची अट आहे. सवलतीचे मूल्य करमुक्त संस्थेपर्यंत रोखीने पोहोचविता येते, एवढे या प्रयोगाने सिद्ध केले.

करारावर सही करण्यापूर्वी

भारतात तशी सोय नसल्याने सवलतीतील वाटा करारातूनच मिळवावा लागतो. त्यासाठी विश्वस्तांनी काही गोष्टी तपासणे आवश्यक आहे.

पहिली बाब दरवाढीची. ५ रुपयांचा दर दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढला, तर दहा वर्षांनी तो ६.७२ रुपये आणि वीस वर्षांनी ९ रुपयांहून अधिक होतो. दुसरी बाब किमान खरेदीची. सुटीत वीज वापरली नाही तरी पैसे द्यावे लागतील, असे कलम अनेक करारांत असते. तिसरी बाब निर्मितीच्या हमीची. दिल्लीतील धूळ आणि हिवाळ्यातील धुरके यांमुळे पट्ट्या वारंवार धुवाव्या लागतात. ते काम आणि त्यासाठीचे पाणी कोणाचे, हे लिहून घ्यावे. छताची गळती दुरुस्त करावयाची झाल्यास पट्ट्या कोणाच्या खर्चाने हलवायच्या, हेही त्यात असावे.

सर्वांत महत्त्वाचे कलम मुदतपूर्व खरेदीचे. ५० लाखांच्या प्रकल्पाचे करहिशेबातील मूल्य ४० टक्के घसाऱ्याने पाच वर्षांनंतर ३ लाख ८९ हजार रुपयांवर येते. म्हणजे तोपर्यंत विकासकाने करसवलतीचा बहुतांश लाभ घेतलेला असतो. प्रकल्पाची बाजारातील किंमत अर्थातच याहून अधिक असते, कारण त्यातून आणखी वीस वर्षे वीज मिळणार असते. परंतु सहाव्या किंवा सातव्या वर्षापासून कोणत्या किमतीला प्रकल्प विकत घेता येईल, याचा तक्ता आरंभीच करारास जोडला, तर संस्थेला तोपर्यंत देणग्या जमवून मालक होता येते.

महाराष्ट्रातील संस्थांनी आणखी एक पायरी लक्षात ठेवावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यास, तसेच न्यासाच्या नावाने कर्ज काढण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. छप्पर २५ वर्षांसाठी भाडेपट्ट्याने दिले जात आहे की केवळ वापराचा परवाना दिला जात आहे, हे कराराच्या शब्दांवरून ठरते. दिल्लीत तयार झालेला नमुना पुण्यात किंवा नागपुरात जसाच्या तसा वापरणे त्यामुळे धोक्याचे ठरू शकते.

धर्मादाय संस्थेच्या वीजबिलातील प्रत्येक रुपया अखेर विद्यार्थ्याच्या शुल्कातून, रुग्णाच्या बिलातून किंवा देणगीदाराच्या खिशातून येतो. २०१५ मध्ये सरकारने मान्य केलेले तत्त्व, म्हणजे ज्याला करसवलत मिळू शकत नाही त्याला थेट साहाय्य, पुन्हा धोरणात येईपर्यंत हा रुपया वाचविण्याची जबाबदारी विश्वस्तांच्या हिशेबावर आणि त्यांनी केलेल्या करारावरच राहणार आहे.